गाडीच्या बुडाला करडा रंग: मेढ्यातल्या एका गाडीचं प्रकरण

मार्च २०२४ मध्ये मामांचा फोन आला, तो पासिंगच्या काळजीनं. त्यांची डिझेल गाडी २००९ची, एमएच ११ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं चालवायची तर गाडी आरटीओत दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. इंजिनाची तक्रार नव्हती, वरचा रंगही बरा होता. "पर खालनं पत्रा खाल्लाय म्हणतोय मिस्त्री," मामा म्हणाले. "तू रंगाचंच काम करतोस न्हवं? एखादा दमदार रंग सांग, म्हंजे दोन हात मारून टाकतो."

मी गाड्यांचा मिस्त्री नाही. सातारच्या एमआयडीसीत शेडचे ढाचे, टाक्या, पाइपलाइनी रंगवून घेणं हे माझं रोजचं काम. फोनवर रंग सांगायची चूक मी पूर्वी एकदा केली होती, म्हणून या वेळी रविवारी सकाळी त्यांचं गाव मेढा गाठलं.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बसवलेली, मागं पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली, आपल्या डोंगरी भागात घरोघरी दिसते तशी गाडी. तिचा रस्ता मात्र सांगायला हवा. हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन केळघर घाटानं महाबळेश्वर. पावसाळ्यात गोठ्याशेजारी, पत्र्याच्या पागोळ्या पडतात बरोबर तिथं उभी. आणि मामांची थोरली मुलगी श्रीवर्धनला दिलेली, त्यामुळं वर्षातून दोन-तीन वेळा आंबेनळी घाट उतरून समुद्रकाठी. नातवंडांच्या हट्टापायी गाडी पुळणीवरही गेलेली.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडीतल्या याच वयाच्या एका गाडीचं बूड मी पाहिलंय. बोटभर फुफाटा, पण गंज नावालाच. तेव्हा 'सातारच्या हवेला कुठला रंग टिकतो' या प्रश्नाला एक उत्तर नाही. मेढ्याचं वेगळं, दहिवडीचं वेगळं.

खाली झोपल्यावर

गावाबाहेरच्या एका वॉशिंग रॅम्पवर गाडी चढवली आणि मी पोतं अंथरून खाली झोपलो. पहिल्या नजरेला सगळं छान दिसलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड, काळा, खरखरीत थर. पाच वर्षांपूर्वी मामांनी सातारला एका ठिकाणी 'अँटिरस्ट' मारून घेतलं होतं, ते हे. डांबराच्या जातीचं.

ड्रायव्हरच्या पायाखालच्या भागात मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक थराच्या कडेखाली घातलं आणि हलकेच उचकटलं. तळहाताएवढा तुकडा सुटून छातीवर पडला. तुकडा उलटा करून पाहिला. रस्त्याकडची बाजू काळीभोर आणि कोरडी. पत्र्याकडची बाजू विटकरी, ओली, आणि तिला चिकटून आलेले गंजाचे पापुद्रे एकावर एक. पाऊस जाऊन पाच महिने झाले होते आणि आत ओल होती. ती दर आठवड्याच्या वॉशिंगची. प्रेशरचं पाणी एका भेगेतून आत शिरत होतं आणि बाहेर यायला त्याला वाटच नव्हती.

असा थर नवा असतो तेव्हा मऊ असतो, दगडाचा मार झेलतो, आवाजही दाबतो. वय झालं की कडक होतो, खडी लागून चिरतो, कडा सुटतात. त्या सुटलेल्या कडेखाली पाणी केशाकर्षणानं सरकत जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो थराला खालून ढकलतो, फट वाढते, आणखी पाणी आत जातं. वरून पाहणाऱ्याला मात्र काळंभोर, धडधाकट बूड दिसत राहतं. मामांनी पाच वर्षं खाली वाकून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी समाधानानं उठले होते.

आणखी एक गोष्ट सापडली, तिचा मला जास्त राग आला. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांना पाणी निथळायला भोकं असतात. कोटिंग मारणाऱ्यानं ती सगळी बुजवून टाकली होती. एक भोक खिळ्यानं मोकळं केलं, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी कपभर तरी आलं.

छोट्या हातोडीनं ठोकत ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज ठण्ण येतो, खाल्लेल्याचा थप्प. जिथं थप्प आला तिथं खडूनं गोल केला. चेसिसचे दोन्ही लांब दांडे ठणठणीत निघाले, वर पापुद्रे होते तेवढेच. फ्लोअरच्या पत्र्याला दोन ठिकाणी आरपार भोकं: एक ड्रायव्हरच्या पायाखाली, एक मागच्या डाव्या चाकामागं. बॉडी जिथं चेसिसवर बोल्टनं बसते त्या जागा गंजलेल्या, पण जाडी शिल्लक. चेसिसच खाल्लेली असती तर मी रंगाचं नावच काढलं नसतं. गेलेली ताकद रंगानं परत येत नाही.

जळक्या तेलाचा वाद

रॅम्पवरच मामांनी त्यांचा तोडगा मांडला. "कशाला एवढा खटाटोप? पावसाआधी जळकं ऑइल मारतो. ट्रॉलीला बारा वर्षं मारतोय, काय झालं का तिला?"

मी लगेच नाही म्हणू शकलो नाही, कारण ट्रॉलीला खरंच काही झालं नव्हतं. तेल पाणी हटवतं आणि फटीत शिरतं, हे दोन्ही गुण रंगात नाहीत. पण ट्रॉलीला रबरी बुश नाहीत, ब्रेकचे होजपाइप नाहीत. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि कुजतं. शिवाय इंजिनात जळालेल्या तेलात आम्लं आणि काजळी उतरलेली असते, त्यावर धूळ बसून लगदा होतो, आणि पहिल्या दोन पावसांत निम्मं तेल ओढ्यात जातं. वर त्या तेलावर पुढं कुठलाच रंग धरत नाही.

"म्हंजे एकदा त्याल मारलं की जन्मभर त्यालच," मामा म्हणाले. अगदी तेच.

रंगांची निवड

मामांना वाटत होतं की सर्वांत कडक आणि सर्वांत जाड तो सर्वांत टिकाऊ. दुकानदारही तसंच सांगतात. माझी कसोटी वेगळी होती. ही गाडी अंगणात, ब्रशनं, हातानं घासलेल्या पत्र्यावर रंगणार होती. सँडब्लास्टिंग होणार नव्हतं. शेडचं लोखंड आम्ही खडीच्या माऱ्यानं जवळजवळ पांढरंशुभ्र करून घेतो. कागदावर त्याला 'एसए २½' म्हणतात. हातानं आणि ग्राइंडरनं घासून फार तर 'एसटी ३' गाठता येतं, म्हणजे सुटा गंज गेला पण खड्ड्यातला घट्ट गंज राहिला. अशा पत्र्याला सोसवेल तो रंग हवा. दुसरं असं की रंग कधी ना कधी कुठंतरी फुटणारच. फुटल्यावर तो दिसला पाहिजे, आणि मामांना स्वतः तेवढ्यापुरता ब्रश मारता आला पाहिजे.

या दोन प्रश्नांवर एकेक रंग बाद होत गेला.

रेड ऑक्साइड आणि वर काळा सिंथेटिक इनॅमल ही आपल्याकडची जुनी जोडी. स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, दुरुस्तीला सोपी. पण नुसता रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, तो प्रायमर, म्हणजे खालचा पहिला हात, आहे. आणि वरचा इनॅमल मेढ्याच्या चार महिन्यांच्या भिजण्याला पुरा पडत नाही. दहिवडीच्या गाडीला मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं.

जस्ताचा प्रायमर मिस्त्रीनं सुचवला. कल्पना उत्तम आहे: जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. पण त्यासाठी जस्ताचे कण आणि उघडं लोखंड एकमेकांना टेकायला हवेत. मध्ये गंज किंवा जुना रंग असेल तर तो नुसता महागडा करडा रंग उरतो. आमच्या पत्र्यावर तो वाया गेला असता.

गंज बदलणारं द्रव, म्हणजे रस्ट कन्व्हर्टर, मामांच्या मुलानं मोबाइलवर शोधून आणलं होतं. त्यातल्या एका जातीत टॅनिक आम्ल असतं, ते गंजाशी मिळून निळसर काळा थर करतं. जावळीच्या, म्हणजे मेढ्याच्याच तालुक्यातल्या, माणसाला हे नवं नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की पाणी काळं पडतं, तीच गोष्ट. पातळ गंजावर ठीक. पापुद्र्यांवर ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा तसाच राहतो. फॉस्फरिक आम्लाचं द्रव असेल तर उरलेलं आम्ल नीट धुवावं लागतं, नाहीतर वर मारायचा इपॉक्सी (दोन डब्यांचा रंग, तो पुढं येतो) धड वाळत नाही. आम्ही ते वापरलं नाही.

हवेतला ओलावा पिऊन वाळणारा एक युरेथेन रंग असतो. गंजक्या लोखंडावर तो भयंकर चिकटतो, दगडासारखा होतो. तो बाद झाला त्याच्या डब्यामुळं. एकदा झाकण उघडलं की आतला रंग हवेतला ओलावा घेऊन घट्ट व्हायला लागतो. पुढच्या वर्षी ठिगळाला वाटीभर रंग लागला तर पुन्हा नवा डबा. दुसरं म्हणजे गुळगुळीत, चकचकीत पत्र्यावर तो पापडासारखा सुटू शकतो, आणि आम्ही दोन नवे पत्रे जोडणार होतो.

राहिला दोन डब्यांचा इपॉक्सी मॅस्टिक. आम्ही टाक्यांच्या दुरुस्तीला वापरतो तो. बेस वेगळा, हार्डनर वेगळा. हातानं घासलेल्या पत्र्यावर धरतो, ब्रशच्या एका हातात १०० मायक्रॉनच्या आसपास जाडी देतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि न मिसळलेले डबे घट्ट बंद ठेवले तर पुढच्या वर्षीही कामी येतात. त्याची मोठी खोड म्हणजे उन्हात तो खडूसारखा भुकटी सोडतो, फिका पडतो. पण गाडीच्या बुडाला ऊन कुठलं? लोक हा रंग छतावर मारतात आणि मग शिव्या देतात.

रंग ठरला, पण रंगाचा रंग ठरेना. मामांना काळाच हवा होता. "बूड काळंच असतंय. तव्याचं बघ." मी हटून बसलो ते करड्यावर. काळ्यावर गंजाचा तांबडा ओघळ दिसत नाही, ओल दिसत नाही, इंजिन ऑइलची गळती दिसत नाही. पाच वर्षं काळ्या थरानं मामांना फसवलं होतं ते त्याच्या काळेपणामुळंच. शेवटी मामी म्हणाल्या, "खाली कोण बघायला येणार हाय? करडा तर करडा." तिथं वाद मिटला.

किती रंग लागेल याचा हिशेब सोपा आहे. डब्यावर रंगातल्या घन भागाचे टक्के लिहिलेले असतात. आमच्यावर ८० होते. त्याला दहानं गुणायचं आणि हव्या त्या मायक्रॉननं भागायचं. ८०० भागिले १०० म्हणजे लिटरला ८ चौरस मीटर. टेपनं ढोबळ मोजून बूड १० चौरस मीटर भरलं. एका हाताला सव्वा लिटर, ब्रशला-डब्याला लागून वाया जाणारा धरून साधारण १.६ लिटर. दोन-दोन लिटरचे दोन संच घेतले, एक गडद करडा आणि एक फिका. पहिला हात गडद, दुसरा फिका. म्हणजे दुसऱ्या हातात कुठं राहून गेलं ते आपोआप दिसतं.

पाडव्यानंतरचे नऊ दिवस

काम गुढीपाडवा झाल्यावर, १० एप्रिलला सुरू केलं. रंगाचा पत्रा हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्याला न दिसणारं दव रंगाखाली अडकतं. जुलैत मेढ्यात पत्रा दिवसभर दवबिंदूला चिकटूनच असतो, एप्रिलमध्ये ती भीती नाही. एप्रिलमध्ये भीती वळवाची, म्हणून गाडी पडवीत घेतली. चारही बाजूंना लाकडी ठोकळे आणि स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कुणाला जाऊ देत नाही, मामांनाही नाही.

साडेतीन दिवस फक्त डांबर काढण्यात गेले. रंगवायला पुढं दोन दिवस पुरले, यावरून काय ते समजा. डिझेलची टाकी आणि नळ्या जवळ असल्यानं गॅसची बत्ती लावायचा प्रश्नच नव्हता. पटाशी, खरवडणी, रॉकेलचे बोळे आणि मनगट. डांबर ठेवून वर इपॉक्सी मारता आला असता तर किती बरं झालं असतं! पण मऊवर कडक चालत नाही. खालचा थर उन्हाळ्यात सैल होतो, वरचा होत नाही, आणि वरच्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. शिवाय डांबर फिक्या रंगातून वर झिरपून तपकिरी डाग पाडतं.

मग ग्राइंडरवर वायरचा कप ब्रश. इथं मिस्त्रीशी माझं थोडं वाजलं. त्यानं दांडा असा चमकवला की तोंड दिसावं. मी त्यावर खरखरीत ८० नंबरचा पेपर चार वेळा ओढला, तर चमक गेली आणि खालून विटकरी पूड निघाली. वायर ब्रश गंजाला काढतो तसा पॉलिशही करतो. पॉलिश झालेला गंज लोखंडासारखा चमकतो आणि त्यावर रंग धरत नाही. घट्ट पापुद्रे आधी छिन्नी-खरवडणीनं फोडायचे, मग ब्रश, मग पेपर, हा क्रम उलटा करून चालत नाही.

गोड्या पाण्यानं बूड धुतलं, वाळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भागात, स्वच्छ केलेल्या पत्र्यावर, मोहरीएवढे तांबूस ठिपके उमटलेले. मामा म्हणाले, "रात्रीत गंजली की!" ती श्रीवर्धनची पुळण होती. मीठ गंजाच्या खड्ड्यात खोल बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. घासून जात नाही, धुवूनच जातं. तीन वेळा धुतलं, मध्ये मध्ये पेपर मारला, तेव्हा सकाळ कोरडी उजाडली. हे ठिपके तसेच ठेवून वर कितीही भारी रंग मारला असता तरी पहिल्या पावसाळ्यात तिथं फोड आले असते.

दोन भोकांना वेल्डरनं पत्रा लावला. त्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, आतलं मॅट उचललं आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. जोडाच्या कडांना सीलंट.

झाकायच्या गोष्टींची यादी मी खडूनं भिंतीवर लिहिली होती: सायलेन्सर, ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल, रबरी बुश, ग्रीसचे निपल, मागच्या अॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची वाट), निथळायची भोकं. आणि सगळ्यांत आधी चेसिस नंबर. आरटीओत त्या कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. त्या खाचा रंगानं भरल्या तर ठसा उठत नाही, आणि नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या तर भलत्याच शंका निघतात. तिथं आम्ही हातानं, मऊ ब्रशनं साफ केलं, टेप लावला आणि शेवटी नुसतं ग्रीस चोपडलं.

रंग कालवायच्या दिवशी मी उशिरा पोचलो आणि घोटाळा झाला. पाव-पाव लिटर कालवायला सांगितलं होतं. मामांच्या मुलानं कामाचा उरक म्हणून लिटरभर एकदम कालवला आणि प्लास्टिकच्या खोल डब्यात ठेवला. बेस आणि हार्डनर मिसळले की उष्णता निघते. पसरट ताटात ती उडून जाते, खोल डब्यात साठते, साठली की रंग आणखी लवकर धरतो. वर एप्रिलचं ऊन. हवा दहा अंशांनी तापली की कालवलेला रंग टिकण्याचा वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. मी पोचलो तेव्हा डबा हाताला सोसवत नव्हता आणि ब्रश आत उभाच्या उभा. अर्धा लिटर गडद करडा असा गेला. तो ब्रश अजून मामांच्या पडवीत आहे, डब्यासकट.

मग सकाळी साडेआठ ते अकरा एवढ्याच वेळात काम केलं. आधी नुसत्या कडा, वेल्डिंगचे जोड, बोल्टांची डोकी, रिव्हेट. ओला रंग धारदार कडेवरून मागं सरकतो, तिथं थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून कडांना एक हात जास्तीचा. स्प्रेपेक्षा ब्रश इथं बरा पडतो, तो याच कारणानं. गंजानं पडलेल्या बारीक खड्ड्यांत रंग दाबून, गोल फिरवून भरता येतो. स्प्रेचा रंग खड्ड्याच्या तोंडावर पडदा धरतो आणि आत हवा राहते.

जाडी पाहायला माझ्याकडं कंगव्यासारखी दातेरी पट्टी आहे. ओल्या रंगात ती उभी टेकवायची. जो शेवटचा दात ओला होतो तेवढी जाडी. ८० टक्के घन भाग असलेल्या रंगाचा वाळून १०० मायक्रॉन थर हवा, तर ओला १२५ हवा. मामांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली ती दिवसभर दिलीच नाही. दर हातभर अंतरावर टेकवायचे आणि ओरडायचे, "शंभरच भरतोय, अजून मार!"

गडद रंग मागच्या आडव्या दांड्याशी येऊन संपला, तिथं पहिला हातही फिकाच लागला. दुसऱ्या दिवशी सगळीकडं दुसरा हात. पुढच्या चाकांवरच्या कमानींत, जिथं टायर खडी फेकतं, तिथं इपॉक्सी पुरता कडक व्हायच्या आत वर रबराच्या जातीचं कोटिंग मारलं. इपॉक्सी कडक असतो, खडीनं त्याचे टवके उडतात. तिथं मऊ गादी हवी. कडकवर मऊ चालतं. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांत रंग पोचत नाही, तिथं भोकातून नळी घालून पोकळ भागांसाठी मिळतं ते पातळ मेण फवारलं.

मे महिन्यात गाडी पास झाली. चेसिस नंबराचा ठसा स्वच्छ उठला.

दोन पावसाळ्यांनंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली. दांडे, फ्लोअर, वेल्डिंगचे जोड जसेच्या तसे. पुढच्या कमानी चांगल्या. बिघडलं ते दोन ठिकाणी.

डिझेलच्या टाकीच्या वर हात पोचत नव्हता. टाकी उतरवायला मिस्त्री तयार होता, मी म्हणालो राहू दे. तिथं डांबर पुरतं निघालं नव्हतं आणि मी वरून तसाच इपॉक्सी ओढला होता. तिथं तपकिरी डाग आणि बारीक भेगांची जाळी. ही चूक माझी, मामांची नाही. टाकी उतरवून तेवढा भाग नव्यानं केला.

दुसरी जागा मागच्या उजव्या कमानीत. मी गेल्यावर बारा दिवसांनी मामांनी उरलेलं रबर कोटिंग तिथं हौसेनं चोपडलं होतं. तोवर इपॉक्सी काचेसारखा कडक झालेला. ठरलेल्या मुदतीनंतर वर काही मारायचं तर आधी पेपरनं खरवडून घ्यावं लागतं, ते केलं नव्हतं. रबराचा थर नखानं धरला आणि मोज्यासारखा उतरला. आत इपॉक्सी कोरडा होता, एवढं बरं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, रात्री फोन आला. मामा मोबाइलची बॅटरी लावून गाडीखाली झोपलेले, आवाज घुमत होता. "आरं, मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ तांबडी रेघ आलीया. बोटभर. करड्यावर लगेच दिसली बघ."

मी म्हणालो, "मामा, आत्ता काही करू नका. उद्या दव वाळल्यावर तेवढंच पेपरनं घासा, गोड्या पाण्यानं धुवा. फिक्या करड्याचा डबा आहे ना शिल्लक?"

"हाय की. पावशेर आसंल."

"बेस आणि हार्डनर डब्यावर लिहिलंय त्या मापात. चहाच्या चमच्यानं मोजा, आणि बशीत कालवा. डब्यात नको."

"त्ये म्या इसरतोय व्हय," मामा म्हणाले. "ब्रश हाय की हितं डोळ्यासमोर उभा."